टक्क्यांची अट आणि कोसाडचं अंगण

मी एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत आहे. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, कारण चौकशी चालू आहे आणि मीही त्या चौकशीत आहे. सुरतेत येऊन सत्तावीस वर्षं झाली, नोकरीची पाच उरली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘कामातले गमतीदार अनुभव’ लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी हो म्हणालो. गमतीदार अनुभव दोन आहेत, ते आधी सांगून टाकतो. तिसरा गमतीदार नाही. खरं म्हणजे मी त्याच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आमचं काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगायचं तर असं. पेन्सिलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जे काही लागतं त्याच्या अटी आम्ही लिहितो. निविदा मागवतो. पुरवठादार नमुना देतो, तो तपासून लाखेची मोहोर लावून कपाटात ठेवतो. माल आला की त्या नमुन्याशी ताडून पाहतो आणि सही करतो. लोकांना वाटतं की या सगळ्यात दर महत्त्वाचा. दर शेवटी येतो. महत्त्वाची असते अट. अटीत जे लिहिलेलं नाही ते या जगातच नाही, असं धरून पुरवठादार चालतो.

काही वर्षांपूर्वी वरून आदेश आला की यापुढे खरेदी ‘चक्रीय’ करायची. म्हणजे वस्तू घेताना ती कशापासून बनली आणि मोडल्यावर तिचं काय होणार, हेही पाहायचं. नवी वाळू, नवं लाकूड, नवं प्लॅस्टिक जितकं कमी तितकं बरं. जुनं दुरुस्त होत असेल तर नवं घ्यायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे मनापासून पटलं. जुन्या शर्टाची फडकी करणाऱ्या घरात मी वाढलो. आमच्या आईला हा आदेश वाचून दाखवला असता, तर ‘यात नवीन काय?’ असं तिने विचारलं असतं.

पहिला अनुभव खुर्च्यांचा. भंगारात काढायला ठेवलेल्या दोनशे बारा खुर्च्या मी मोजून वेगळ्या काढल्या आणि एकशे नव्वद दुरुस्त करून घेतल्या. त्या आल्या तर कोणी बसेना. आमचे वरिष्ठ देसाईसाहेब खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “बोरसे, मैं खुद तीन साल में रिटायर हो रहा हूँ. मुझे रिटायर कुर्सी पर क्यों बिठा रहे हो?” पुढच्या महिन्यात सगळ्याच मजल्यांवर त्या खुर्च्या लावल्या, साहेबांच्या खोलीतसुद्धा. बसायला दुसरं काही उरलंच नाही, तेव्हा बसले.

दुसरा अनुभव विटांचा. पदपथासाठी सिमेंटचे ब्लॉक घ्यायचे होते. अट घातली की ब्लॉकमध्ये निदान चाळीस टक्के राडारोडा हवा, म्हणजे पाडलेल्या बांधकामाचा चुरा. उद्देश सरळ होता. तापीची वाळू वाचेल आणि खाडीच्या काठी रात्रंदिवस पडणारे ढीग कमी होतील. ढीग खरंच कमी झाले. अमरोलीकडे जाताना रस्त्याच्या एका बाजूला मी राडारोडा टाकणाऱ्या गाड्या मोजायचो, त्या निम्म्यावर आल्या. मी घरी हे इतक्या वेळा सांगितलं की मुलीने हात जोडले.

मग एकदा कारखाना बघायला गेलो. राडारोड्याचा ढीग नीटनेटका, लालभडक. मी एक तुकडा उचलला, दुसरा उचलला. असे तीस-चाळीस उचलून पाहिले. एकालाही जुना गिलावा चिकटलेला नव्हता. पाडलेल्या भिंतीची वीट असेल तर तिला चुना, सिमेंट, निदान रंग तरी लागलेला असतो. मालकाला विचारलं, “भाई, ही कुठली इमारत?” तो हसून म्हणाला, “साहेब, सच बोलूँ? मलबा मिळतो नथी. सगळ्यांना मलबाच पाहिजे झालाय. तो नयी ईंट लाके तोड़ता हूँ.”

म्हणजे कचरा वापरायची अट पुरी करण्यासाठी तो नव्या विटा फोडून कचरा तयार करत होता. माती नवी, भट्टीचा कोळसा नवा, धूर नवा, आणि कागदावर चाळीस टक्के जुनं. मी त्याला बाद केलं. कार्यालयात आठवडाभर माझं कौतुक झालं. देसाईसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की बोरसेला विटेची जातही कळते आणि जन्मतारीखही.

त्या कौतुकातूनच पुढचं सगळं झालं.

मी विचार केला, राडारोडा कमी पडतो म्हणून लोक लबाडी करतात. तर अट थोडी मोकळी करू. नव्या निविदेत ‘राडारोडा’ शब्द काढला आणि ‘पुनर्वापरातील टाकाऊ पदार्थ’ असं लिहिलं. शिवाय नुसती किमान मर्यादा न ठेवता गुण ठेवले: चाळीसच्या वर जितके टक्के जास्त, तितके गुण जास्त. मसुदा देसाईसाहेबांनी वाचला, लेखा शाखेने वाचला, कोणी हरकत घेतली नाही. मला तो इतका नेटका वाटला की मी त्याची एक प्रत घरी नेऊन ठेवली. टाकाऊ पदार्थ कोणता, हे मात्र मी कुठेच लिहिलं नाही. सुरतेत बसून लिहिलं नाही. इथे सर्वांत जास्त कशाचा कचरा निघतो, हे शाळकरी पोरही सांगेल.

आमच्याकडे कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचं पाणी शुद्ध केलं की तळाशी गाळ उरतो. त्यात रंग असतात, रसायनं असतात, धातू असतात. तो ठरलेल्या जागी, खाली जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यात न्यायचा असतो. तिथे नेण्याचा खर्च असतो. त्यामुळे कोणी तो गाळ फुकट मागितला तर देणारा त्याला चहाही पाजतो.

काम दुसऱ्या एका कारखानदाराला, केतनभाईंना, मिळालं. त्यांचे टाकाऊ पदार्थ सर्वांत जास्त होते, अठ्ठावन्न टक्के. नमुना उत्तम होता. आम्ही नमुन्याची ताकद तपासतो, तो पाणी किती शोषतो ते तपासतो, झीज तपासतो. ब्लॉकवरून ट्रक गेला तर काय होतं हे आमच्या फॉर्ममध्ये आहे. लहान मुलाने तो चाटला तर काय होतं, हे नाही.

पहिला हप्ता अमरोलीजवळच्या कोसाडच्या एका अंगणवाडीच्या अंगणात गेला. एक हजार आठशे साठ ब्लॉक. मी स्वतः गेलो होतो. दहा ठिकाणचे ब्लॉक काढून नमुन्याशी ताडले, मापं घेतली, एक ओला करून नाकाशीसुद्धा धरला. काही जाणवलं नाही. सही केली. अंगणवाडीच्या शोभाताई सपकाळे खुशीत होत्या. त्यांचे वडील भुसावळकडून गिरणीकामाला सुरतेत आले, शोभाताईंचा जन्म इथलाच. त्या म्हणाल्या, “साहेब, आता चिखल गेला. पोरं अंगणातच खाऊची सुखडी खातील.”

सात आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

“साहेब, तुमचे ब्लॉक रडतायत.”

“रडतायत म्हणजे?”

“अंगण धुतलं की जांभळं पाणी निघतं. पहिल्यांदा वाटलं कोणाची ओढणी असेल. आज मीच बादली ओतली. वासही येतो. तुम्ही येऊन बघा.”

मी त्याच दिवशी गेलो. मुलं घरी गेली होती. शोभाताईंनी कोपऱ्यात एक बादली ओतली. आम्ही दोघं उभे राहिलो. पाणी आधी नुसतं मळकं दिसलं. मग ब्लॉकच्या फटींतून फिकट जांभळी रेघ निघाली, ती नाल्याच्या दिशेने सरकत गेली. ब्लॉकच्या कडांना पांढरट पापुद्रे आले होते, नखाने निघत होते.

“वास कुठे येतोय?” मी विचारलं.

शोभाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. “येत नाही तुम्हाला? अहो, डोकं उठतंय माझं. तुम्ही राहता कुठे?”

“बमरोलीला.”

“मग बरोबर,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाक गेलंय.”

त्यांनी ते चेष्टेत म्हटलं. पण ते खरं होतं. बमरोलीत आमच्या घरामागे गिरण्या आहेत. लग्नानंतर पहिले सहा महिने सुरेखा, माझी बायको, पदर नाकाला लावून स्वयंपाक करायची. पुढे तिलाही तो वास येईनासा झाला. सही करायच्या आधी मी ब्लॉक नाकाशी धरला होता, आणि मला काही जाणवलं नव्हतं. जे मी रोज घरात घेतो तेच त्यात होतं.

शोभाताईंनी मग आणखी एक गोष्ट सांगितली. परी नावाची अडीच वर्षांची मुलगी आहे. तिला माती खायची सवय. चिखल होता तेव्हा माती खायची. आता ती कडेला बसून नखाने पापुद्रे काढते आणि बोट तोंडात घालते. “मी दिवसातून दहा वेळा हात धुते तिचे,” शोभाताई म्हणाल्या, “पण माझ्याकडे बत्तीस पोरं आहेत, साहेब.”

मी दोन ब्लॉक उचलून घरी आणले. एक काचेच्या बरणीत पाण्यात ठेवला, दुसरा तसाच. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा रंग वहीत लिहिला. सुरेखा आमच्या अहिराणीत म्हणाली, “काय व्हयनं? कसाना इचार करी राह्यनात? ताटातली भाकर तशीच शे.” मी तिला सगळं सांगितलं. ती बरणीजवळ गेली, झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. म्हणाली, “ही बरणी घरात नको.” इतकंच.

मी केतनभाईंना फोन केला. त्यांचा आवाज कायम गोड असतो.

“बोरसेभाई, चिंता ना करो. थोडो रंग छे, दोन-तीन पाण्यात निघून जशे.”

“कशाचा रंग आहे, केतनभाई? गिरणीचा गाळ घातलाय का?”

“टाकाऊ पदार्थ घातलाय, साहेब. तुम्ही लिहिलंय ना, टाकाऊ पदार्थ. मी तुमची शरत दोन वखत वाचली. गाळ ना पाडी छे क्यांय?”

गाळाला नाही म्हटलंय का कुठे. मी अट पुन्हा काढून वाचली, जणू ती रातोरात बदलली असेल. नव्हतं म्हटलं. मी पुढे वाचत गेलो. आणखी एक अट होती, तीही माझीच. तुटलेले किंवा काढलेले ब्लॉक पुरवठादाराने परत न्यावेत, दळावेत आणि नव्या ब्लॉकमध्ये वापरावेत. तो चुराही टाकाऊ पदार्थ म्हणून मोजला जाईल आणि त्याचेही गुण मिळतील. म्हणजे मी तक्रार केली तर कोसाडचे ब्लॉक केतनभाई परत नेतील, दळतील, आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी अंगणात जाऊन बसतील. माझ्या अटीप्रमाणे ते कधीच संपणार नव्हते.

मी देसाईसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “बोरसे, बदलवून घे. तोंडी सांग. केतनभाई परत नेईल, दुसरे देईल. लेखी केलंस तर पहिला प्रश्न येईल की अट कोणी लिहिली.”

“मी लिहिली.”

“हां. मग?”

मी बाहेर आलो. खोटं सांगत नाही, दोन दिवस मी काहीच केलं नाही. मुलगी शिकते आहे, घराचे हप्ते चालू आहेत, पाच वर्षं उरली आहेत. आयुष्यात एकही शेरा नाही. दोन दिवस मी हेच मोजत होतो. त्या दोन दिवसांत अंगणवाडी भरली होती, सुखडी वाटली गेली होती. हे मी नंतर मोजलं आणि तेव्हापासून ते मोजणं थांबलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी टिपण लिहिलं. ब्लॉक प्रयोगशाळेत पाठवावेत, पुढचा पुरवठा थांबवावा, अंगण बंद करावं, आणि काढलेले ब्लॉक पुरवठादाराला परत न देता विषारी कचऱ्याच्या ठरलेल्या जागी पाठवावेत. शेवटी लिहिलं की दोष अटीत आहे आणि अट मी लिहिली आहे. अहवाल आला. गाळ होता. क्रोमियम मर्यादेच्या वर होतं. आकडा इथे देत नाही, तो चौकशीच्या कागदात आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा आकडा दुसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही.

पुढचा पुरवठा थांबला. केतनभाईंच्या आवारात तयार पडलेले बाकीचे ब्लॉक दुसरीकडे कोणी घेतले की काय, हे मला माहीत नाही. विचारलं तर ते म्हणतात, “ए तो गया, साहेब.” कुठे गेले, ते सांगत नाहीत.

कोसाडचे ब्लॉक उखडायला मजूर लावले. एक दिवसाचं काम होतं. संध्याकाळी सगळे एका कडेला रचून ठेवले, मी घरी आणलेले आणि प्रयोगशाळेत पाठवलेले धरून मोजले. एक हजार आठशे साठ. ट्रॅक्टर सकाळी येणार होता. कुंपण अर्धं पडलेलं आहे, हे मी पाहिलं होतं. पण फुटकं, डागाळलेलं सरकारी सामान कोण नेणार, असं मला वाटलं. सत्तावीस वर्षं सुरतेत काढून मला असं वाटलं.

सकाळी गोडाऊनवर ट्रॉल्या उतरवल्या तेव्हा मोजणी, तेच धरून, एक हजार सातशे चौदा आली. पुन्हा मोजले, तितकेच. एकशे सेहेचाळीस कमी.

मी उलट पावली कोसाडला गेलो. शोभाताई दारातच भेटल्या. मी आकडा सांगितला. त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, “अहो, लोक घेऊन गेले असतील. फुकटचा ब्लॉक कोण सोडतो? दारात चिखल, नळापाशी चिखल. चला, मी दाखवते.”

आम्ही गल्ली गल्ली फिरलो. पायरीखाली तीन. गॅसच्या सिलिंडरखाली चार. पाण्याच्या पिंपाखाली सहा. एका म्हातारबाबांनी दोन ब्लॉकवर फळी टाकून बसायला जागा केली होती. मी ‘विष’ म्हटलं की लोक हसायचे. “साहेब, आम्ही खाडीचं पाणी बघत मोठे झालो,” असं म्हणायचे. शोभाताई मध्ये पडायच्या: “काका, हे साहेब स्वतः उचलून नेतायत. सरकारी माणूस स्वतः ओझं उचलतोय म्हणजे काही तरी असेल ना?” मग लोक द्यायचे. सहा रविवार आम्ही फिरलो.

तिसऱ्या रविवारी परीच्या घरी गेलो. तिची आई मनीषा शिरपूरकडची, घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मागच्या बाजूला नळ आहे. नळाखाली बारा ब्लॉक ओळीने बसवलेले, अगदी मापात. परी त्यावर उघडी बसली होती आणि मनीषा तिच्या अंगावर तांब्याने पाणी ओतत होती. मुलीच्या पायांखालून जांभळं पाणी वाहत होतं.

शोभाताई ओरडल्या, “उचल तिला! आधी उचल!”

मनीषाने घाबरून पोरीला कडेवर घेतलं. मग सगळं ऐकून तिला राग आला. “तुम्ही फेकी देत व्हतात, म्हनीसन उचली लिनात,” ती म्हणाली. “मी चोरी नही करी. आणि हे नेलेत तर पोरीला चिखलात अंघोळ घालू? आधी दुसरे द्या, मग हे न्या.”

तिचं बरोबर होतं. पण दुसरे द्यायचे तर मागणीपत्र, निविदा, नमुना, तपासणी. सगळं नीट झालं तरी तीन महिने. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? शोभाताईंना तिथेच नळापाशी बसायला सांगून मी घरी गेलो. आमच्या मोरीच्या कामातून उरलेले कोटा दगडाचे नऊ तुकडे गच्चीवर पडून होते. सुरेखाने ते पुसून दिले. रिक्षात घालून नेले, मनीषाच्या नळाखाली बसवले, आणि ते बारा ब्लॉक पोत्यात भरून आणले. निघताना मनीषाने विचारलं, “दादा, पोरीला काही होईल का?”

मी म्हणालो, “डॉक्टर बघतील.” माझ्याकडे तिला सांगण्यासारखा एकही आकडा नव्हता.

शोभाताई दुसऱ्या दिवशी परीला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. रक्त तपासायला दिलं आहे. हे लिहीत असेपर्यंत अहवाल आलेला नाही. मी रोज एकदा शोभाताईंना फोन करतो. त्या उचलतात आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणतात, “नाही आला.”

एकशे सेहेचाळीसपैकी एकशे सत्तावीस सापडले. एकोणीस राहिले. शोभाताईंच्या माहितीतली सगळी घरं झाली. हा अंक कोसाड-अमरोलीच्या बऱ्याच घरांत जातो, म्हणून संपादकांना विनंती करून मी एवढं सगळं लिहिलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी शेजाऱ्यांना सांगावं, ही विनंती.

तुमच्या दारात, नळापाशी, पिंपाखाली राखाडी ब्लॉक असेल, अंगणवाडी उखडली त्या सुमारास आणलेला, तर त्याच्यावर एक तांब्या पाणी ओता आणि थोडा वेळ थांबा. वासावर जाऊ नका. गिरणीजवळ राहणाऱ्याला वास येत नाही. पाणी जांभळं दिसलं तर मुलांना लांब ठेवा, त्या जागी भांडी घासू नका, ब्लॉक फोडू नका, आणि कृपा करून दुसऱ्या कोणाला देऊ नका. शोभाताईंना अंगणवाडीत निरोप द्या. मी रविवारी पोतं घेऊन येतो. बदल्यात फरशीचा एखादा तुकडाही आणीन. ब्लॉक कोणी नेला, कधी नेला, हे विचारणार नाही.